स्कूलबसचा रूट: आधी थांबा, मग रस्ता

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: शाळेच्या बसवाहतुकीची जबाबदारी यंदा तुमच्याकडे आली. पाच बस, २१० मुलं आणि आधीच्या माणसाकडून वारशाने आलेले ११८ थांबे. तुम्ही सगळे पत्ते संगणकात घातले, त्याने सर्वांत कमी किलोमीटरचे पाच रूट काढून दिले. किलोमीटर खरोखरच कमी झाले, आणि तरीही पाचांपैकी तीन बस घंटा झाल्यावर शाळेत पोहोचतात. त्यात एका पालकांचा हट्ट, की बस आमच्या गेटपर्यंतच आली पाहिजे. म्हणून तुम्हाला पक्के नियम हवेत: दोन थांब्यांत किती अंतर, मुलाने किती चालायचं, बसमध्ये जास्तीत जास्त किती वेळ.

आकडे देते, लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. पण तुमची खरी अडचण आकड्यांची नाही, असं मला वाटतं. संगणकाला तुम्ही विचारलंत, ‘या ११८ ठिकाणी जायचंय, कसं जाऊ?’ त्याने चोख उत्तर दिलं. ही ११८ ठिकाणं मुळात असावीत का, हे त्याला कुणी विचारलंच नाही. २१० मुलांना ११८ थांबे म्हणजे एका थांब्यावर सरासरी दोन मुलंसुद्धा नाहीत. ही बस नव्हे, मोठी रिक्षा झाली.

मी १७ वर्षं हेच काम करते आहे. सुरुवात दोन बसपासून झाली, आता ३१ आहेत. तुमच्याकडचे रस्ते मी पाहिलेले नाहीत. मुलांची वयं, रस्त्यावरचा वेग, पाऊस, सकाळी उजाडायची वेळ यावर बरंच अवलंबून असतं. आसनसंख्या, वेगमर्यादा, मदतनीस याबद्दल तुमच्या भागाचा कायदा काय म्हणतो ते आधी वाचा. तो पाळायचाच, त्यात माझं मत चालत नाही. बाकी मी सांगते त्यातले आकडे तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम बदलू नका. आधी थांबा, मग वेळ, मग रस्ता, आणि किलोमीटर सगळ्यात शेवटी.

सुरुवात थांब्यापासूनच का, ते माझ्याच चुकीवरून सांगते. माझं या कामातलं तिसरं वर्ष. सकाळचा रूट मी फार मन लावून आखला होता. दुपारचं काय, बस ज्या रस्त्याने मुलांना आणते त्याच रस्त्याने उलटी सोडत जाईल, त्यात विचार कसला करायचा? कागद खालून वर वाचला, झालं. पहिल्याच आठवड्यात एका थांब्यावर बस उभी राहिली, दार उघडलं, मदतनीस मावशी उतरल्या, पहिलीतला एक मुलगा उतरला. रस्त्याच्या पलीकडे त्याची आजी उभी होती, सकाळी उभी राहते त्याच जागी. तिने हात वर केला आणि नावाने हाक मारली. मुलगा मावशींच्या हाताखालून निसटला आणि बसच्या पुढून धावत सुटला. बसला ओलांडून येणाऱ्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. मुलाच्या हातातली पाण्याची बाटली रस्त्यावर गडगडत गेली, मुलाला खरचटलंही नाही. मी ड्रायव्हर काकांच्या मागच्याच सीटवर बसले होते. काकांचं काही चुकलं नव्हतं, मावशींचं नाही, आजीचं तर नाहीच. चूक कागदावर झाली होती आणि कागद माझा होता.

बसचं दार एकाच बाजूला असतं. सकाळी बस ज्या दिशेने जाते तेव्हा दार घराच्या बाजूला उघडत असेल, तर उलट दिशेने येताना ते रस्त्याच्या पलीकडे उघडणार. नकाशावर मात्र दोन्ही वेळचा थांबा एकाच ठिपक्याने दाखवतात. म्हणून माझ्याकडे आता प्रत्येक थांब्याला दोन नोंदी असतात, सकाळची आणि दुपारची, आणि दोन्हींपुढे ‘मूल रस्ता ओलांडतं का?’ असा रकाना. चौथीपर्यंतच्या मुलाच्या रकान्यात ‘हो’ आलं की तो थांबा बाद. मोठ्या मुलांचं रस्ता पाहून ठरवते: आतली संथ गल्ली असेल तर चालतं, दोन्हीकडून गाड्या भरधाव येणारा रस्ता असेल तर दहावीच्या मुलालाही नाही.

स्कूलबसमधून जाणाऱ्या मुलाला खरा धोका असतो तो बसमध्ये चढताना आणि उतरल्यावर, आत बसलेलं असताना त्या मानाने फार कमी. अमेरिकेत तर बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले की सर्वसाधारणपणे दोन्ही बाजूंची वाहनं थांबायची, असा कायदा आहे. तरीसुद्धा तिथे ड्रायव्हरना शिकवतात की बसच्या भोवतीचे साधारण १० फूट सगळ्यात धोक्याचे, कारण तिथलं लहान मूल सीटवरून दिसेलच असं नाही. ओलांडायचंच असेल तर मुलाने बसच्या पुढे १० फूट जायचं आणि ड्रायव्हरचा चेहरा दिसेपर्यंत थांबायचं, असंही शिकवतात. असा कायदा नसेल, किंवा असूनही कुणी पाळत नसेल, तर तुमच्या हातात एकच उपाय उरतो: मुलाला ओलांडायलाच लागू नये असा थांबा निवडायचा.

नकाशावर न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे बसची शेपूट. मागच्या चाकांच्या मागे बसचा बराच भाग लटकत असतो. बस उजवीकडे वळून निघाली की तो भाग डावीकडे झुकतो, डावीकडे वळली की उजवीकडे. हा झोक तीन फुटांपर्यंत असू शकतो. आमच्या एका थांब्याबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. मी तिथे सहज उभी होते तेव्हा लक्ष गेलं, की शेजारच्या कुंपणाच्या भिंतीवर माझ्या कमरेएवढ्या उंचीवर पिवळ्या रंगाचा हातभर लांब ओरखडा आहे. ताजा, एकावर एक, तीनचार वेळा उमटलेला. आपल्याच बसचा. आणि त्या ओरखड्याखाली लहान भावंडाला कडेवर घेऊन एक आई रोज उभी राहायची. थांबा आम्ही तीस पावलं पुढे सरकवला, जिथून बसला सरळ निघता येतं. संगणकाच्या लेखी काहीच बदललं नाही.

म्हणून थांबा ठरवायचा तो तिथे जाऊन, उभं राहून, आणि नेमका त्याच वेळी. सकाळी पावणेसातचा थांबा दुपारी अकरा वाजता पाहून उपयोग नाही. मी बरोबर एका सहकाऱ्याला नेते. बसचं दार जिथे येईल तिथे तो उघडी छत्री धरून उभा राहतो आणि मी बस ज्या दिशेने येते त्या दिशेला पावलं मोजत चालत जाते. १०० मीटरवरून छत्री स्वच्छ दिसली पाहिजे. हा आकडा हवेतून काढलेला नाही. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर कापते. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २१ मीटर तिथेच गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावूनही आणखी १५ ते २० मीटर लागतात. म्हणजे ४० मीटर हे जेमतेम आपटण्यापासून वाचण्याचं अंतर झालं. ओला रस्ता, झिजलेले टायर, फोनकडे पाहणारा चालक हे सगळं धरून मी १०० म्हणते. रस्त्यावरचा वेग त्याहून जास्त असेल तर अंतरही वाढवा. नंतर मी छत्रीच्या जागी उकिडवी बसून सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून येणारा रस्ता बघते. पाहणारे हसतात, हसू द्या. माझ्या उंचीवरून दिसणारी बस त्या उंचीवरून पार्क केलेल्या गाड्यांमागे गडप झालेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

बाकीच्या अटी पटकन सांगते, कारण त्या कुणालाही सुचतील: वळण संपल्यासंपल्या किंवा चढाच्या माथ्यापलीकडे थांबा नको, चौकाच्या तोंडावर नको, उघड्या गटाराजवळ नको, सकाळी अंधार असतो तिथे दिवा हवा. मुलांना रस्त्याच्या कडेपासून किमान तीन मोठी पावलं मागे उभं राहता येईल एवढी जागा हवी. ती नसेल तर बाकी सगळं जुळूनही थांबा नापास. आणि एका थांब्यावर दहाबारांपेक्षा जास्त मुलं नकोत, त्याहून जास्त झाली की ढकलाढकली सुरू होते.

आता तुमच्या उशिराकडे येते. एक घड्याळ घेऊन कुठल्याही एका बसमध्ये बसा आणि प्रत्येक थांब्याचा हिशेब लिहा. माझ्या मोजणीत बसचा वेग कमी करणं, थांबणं, दार उघडणं, मावशींनी उतरणं, परत दार लावणं आणि वाहतुकीत फट शोधून निघणं, यात मूल एक असो वा सहा, ४५ सेकंदांच्या आसपास जातात. प्रत्येक मुलाचे चढायचे चारपाच सेकंद वेगळे. तुमच्या एका बसला सरासरी २४ थांबे आहेत, म्हणजे नुसत्या थांबण्या-निघण्यात १८ मिनिटं. तेच थांबे १४ केले तर साडेदहा मिनिटं. साडेसात मिनिटं इथेच वाचली, आणि गल्लीबोळात शिरून बाहेर यायचा वेळ अजून धरलेलाच नाही. बहुतेक वेळा तो याहून मोठा निघतो. तुमच्या तीन बस किती उशिरा येतात ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं उत्तर याच आकड्यात आहे.

मग मुलाने किती चालायचं? थांब्यापर्यंत मी लहान मुलांना पाच मिनिटं धरते, पाचवीनंतर आठ ते दहा. अंतर नाही, मिनिटं. तीही मोठ्या माणसाच्या नाही, दप्तर घेतलेल्या मुलाच्या चालीची. संदर्भासाठी सांगते, इंग्लंडमध्ये शाळेपासून घर किती लांब असलं की मोफत वाहन द्यायचं याचा नियम आहे: आठ वर्षांखालच्या मुलाला २ मैल, त्यापुढे ३ मैल, म्हणजे सव्वातीन आणि जवळपास पाच किलोमीटर. एवढं चालता येतं असं तिथे मानतात. ही मर्यादा शाळेपर्यंतच्या अंतराची आहे, थांब्यापर्यंतची नाही, त्यामुळे ती जशीच्या तशी उचलू नका. पण ‘पाच मिनिटं चालणं म्हणजे मुलावर अन्याय’ असं कुणी म्हणालं, की हा आकडा सांगायला उपयोगी पडतो. एक मात्र खरं: पाच मिनिटांची वाट धोक्याची असेल, मध्ये रेल्वे रूळ किंवा मोठा रस्ता असेल, तर ती पाच मिनिटांची वाट नाहीच. आणि ज्या मुलांना चालण्याची, दिसण्याची किंवा समजण्याची अडचण आहे त्यांना दारातूनच घ्यायचं. तिथे हिशेब मांडायचा नाही.

बसमधल्या वेळेचंही असंच. इंग्लंडच्या शिक्षण खात्याच्या मार्गदर्शनात प्राथमिकच्या मुलाला एका बाजूने जास्तीत जास्त ४५ मिनिटं आणि माध्यमिकच्या मुलाला ७५ मिनिटं असं धरलेलं आहे. मला हे आकडे पटतात, पण मोठ्या मुलांनासुद्धा ६० च्या आत ठेवायची मी धडपड करते. महत्त्वाचं म्हणजे सरासरी पाहू नका. सरासरी २८ मिनिटं असलेल्या रूटवर एक मूल रोज ८० मिनिटं बसलेलं असू शकतं आणि अहवालात ते कुठेच दिसत नाही. प्रत्येक बसचं सगळ्यात आधी चढणारं मूल शोधा आणि त्याच्या मिनिटांवर रूट पास की नापास ते ठरवा.

संगणकाबद्दल. मी त्याच्या विरोधात नाही, रोज वापरते. दहा थांब्यांच्या एका फेरीचे क्रम ३६ लाख २८ हजार ८०० होतात. माणसाच्या डोक्याला हे झेपणारं नाही. हा प्रश्न गणितवाल्यांना जुनाच ठाऊक आहे, १९५९ साली डँट्झिग आणि रॅम्सर यांनी पेट्रोल पोहोचवणाऱ्या ट्रकांसाठी तो मांडला आणि तेव्हापासून त्यावर काम चालू आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या सरकारी शाळांसाठी एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी रूट काढून दिले तेव्हा सुमारे ५० बस कमी लागल्या. पण गंमत पुढे आहे. त्याच वर्षाच्या अखेरीला शाळा भरायच्या वेळाही गणिताने बदलायचा बेत जाहीर झाला, आणि पालकांनी एवढा विरोध केला की तो मागे घ्यावा लागला. आणि अमेरिकेतल्याच लुइव्हिल शहराचं उदाहरण तर या कामातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. ड्रायव्हर कमी पडतात म्हणून तिथे रूटची संख्या बरीच घटवून नवे रूट संगणकाने बसवले. ९ ऑगस्ट २०२३ ला शाळा सुरू झाल्या, आणि शेवटची मुलं घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे जवळजवळ दहा वाजले होते. पुढचे बरेच दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. वेळेत कुठे सवडच ठेवली नव्हती आणि ड्रायव्हरना रूट नवे होते. एक बस मागे पडली की तिची पुढची फेरी मागे पडत गेली. संगणकाने ज्या गोष्टी मोजल्या त्या बरोबरच मोजल्या असतील. पहिल्या दिवशी बावरलेलं मूल चढायला किती वेळ लावतं, हे कुणी त्याला सांगितलं नसावं.

म्हणून माझी रीत अशी: थांबे माणसाने पायी जाऊन ठरवायचे, क्रम संगणकाला लावू द्यायचा, आणि आलेला क्रम ड्रायव्हर काकांपुढे ठेवायचा. काका म्हणाले, ‘ताई, इथे सकाळी पाण्याचे टँकर उभे असतात’, तर तो रस्ता सोडायचा. काकांना कारण नीट सांगता आलं नाही तरी एकदा त्यांच्या रस्त्याने जाऊन बघायचं. दहापैकी आठ वेळा ते बरोबर निघतात.

रूटचा आकार कसा असावा? फुलाच्या पाकळीसारखा: शाळेतून एका बाजूने जायचं, गोल फिरून दुसऱ्या बाजूने यायचं. पाकळ्या एकमेकींना छेदत नाहीत. तुमच्या दोन बस एकाच पाच मिनिटांत एकाच चौकातून वेगवेगळ्या दिशांना जात असतील, तर मुलांची वाटणी चुकली आहे. नकाशा समोर ठेवून पाचसहा मुलं या बसची त्या बसला द्या, गाठ सुटते.

पाकळीचा आणखी एक फायदा आहे. दुपारीही ती त्याच दिशेने फिरवता येते, म्हणजे दार दोन्ही वेळा घराच्याच बाजूला उघडतं. त्यातून न्यायही होतो: सकाळी जो आधी चढतो तोच दुपारी आधी उतरतो, त्यामुळे दिवसभराची बसमधली मिनिटं सगळ्यांची जवळपास सारखी होतात. उलट क्रमात लांबचं मूल दोन्ही वेळा जास्त बसतं. पण हे फुकट मिळत नाही. शाळेजवळच्या मुलाला दुपारी अख्खा फेरा मारून यावं लागतं, आणि त्याची आई विचारते, ‘घरासमोरून बस गेली आणि माझं मूल अर्ध्या तासाने उतरलं, हे काय?’ तिचंही बरोबरच आहे. मोठ्या रस्त्यावरचे थांबे जास्त असतील तिथे मी दोन्ही वेळा एकच दिशा ठेवते आणि ही बोलणी खाते. सगळे थांबे आतल्या संथ गल्ल्यांत असतील तिथे उलट क्रम चालवते, पण दुपारचे थांबे वेगळे पाहून ठरवते. याला एकच एक उत्तर नाही.

वळणांचं सांगते. समोरून येणारी वाहतूक छेदून जावं लागतं ती वळणं शक्य तेवढी कमी करा. दोन मिनिटं जास्त लागली तरी हरकत नाही. बस मागे घ्यावी लागेल असा रूट शक्यतो आखूच नये. अगदीच इलाज नसेल तर एक नियम पाळा: सकाळी मुलांना आत घेऊन मग बस मागे घ्यायची, दुपारी आधी बस मागे घ्यायची आणि मग मुलांना उतरवायचं. बस मागे जात असताना आपलं एकही मूल जमिनीवर असता कामा नये.

रेल्वे फाटक रूटवर असेल तर नुसतं ‘फाटक आहे’ एवढं लिहून भागत नाही. फाटकापलीकडे सिग्नल असेल तर रूळ आणि सिग्नलची रेषा यांच्यातलं अंतर टेपने मोजा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात फॉक्स रिव्हर ग्रोव्ह इथे २५ ऑक्टोबर १९९५ ला एक स्कूलबस फाटक ओलांडून लाल सिग्नलला थांबली. पुढे जागा कमी होती, मागचा भाग रुळांवरच राहिला. आगगाडीने धडक दिली आणि ७ विद्यार्थी गेले. त्या दिवशी बसवर नेहमीचा ड्रायव्हर नव्हता, बदलीचा होता. आमच्याकडे तेव्हापासून, म्हणजे मी हे वाचल्यापासून, असा नियम आहे की पलीकडे अख्खी बस आणि वर दोन मीटर मावत नसतील तर त्या फाटकाने जायचंच नाही, फेरा पडला तरी.

या बदलीच्या ड्रायव्हरसाठीच रूटचा कागद असतो. नेहमीच्या काकांना तो लागत नाही, म्हणूनच तो जुना होऊन पडलेला असतो. आमचा कागद असा: थांब्याचा क्रमांक, वेळ, खूण, बस कुठल्या बाजूला लागते, किती मुलं, आणि पुढच्या थांब्यापर्यंतची वळणं शब्दांत. शेवटी त्या रूटचे तीन धोके. महिन्यातून एकदा रूट माहीत नसलेल्या कुणालातरी तो कागद देऊन रिकामी बस फिरवायला सांगते. तो जिथे अडखळतो तिथे कागद दुरुस्त करायचा. मुलांची नावं मात्र मावशींकडच्या वेगळ्या यादीत. ती काचेवर चिकटवायची नाही.

वेळापत्रक बनवताना फोनवरच्या नकाशाची मिनिटं घेऊ नका, ती बहुधा मोटारीच्या हिशेबाने असतात. खरी बस खऱ्या वेळी तीन दिवस चालवा, त्यात एक सोमवार असू द्या. तिन्हींची सरासरी काढू नका, सगळ्यात सावकाश गेलेला दिवस धरा. घंटेच्या दहा मिनिटं आधी बस शाळेत. सवड सगळी शेवटी ठेवू नका, मध्ये एखाद्या प्रशस्त थांब्यावर दोन मिनिटं ठेवा, म्हणजे वेळेआधी आलेल्या बसला थांबायला जागा मिळते. कारण उशिरा आलेल्या बसपेक्षा लवकर निघून गेलेली बस वाईट. उशिरा आली तर मूल वाट बघतं. लवकर गेली तर मूल रस्त्यावर एकटं राहतं आणि आईबाबा कामावर निघून गेलेले असतात. वेळेआधी निघायचं नाही, आणि वेळेनंतर एक मिनिटाहून जास्त कुणासाठी थांबायचं नाही, मुख्याध्यापकांचं मूल असलं तरी.

दुपारचे दोन नियम तर कागदाच्या वरच लिहा. पहिली-दुसरीच्या मुलाला न्यायला ठरलेलं माणूस आलं नसेल तर मुलाला उतरवायचं नाही, शेवटी शाळेत परत आणायचं. आणि फेरी संपली की ड्रायव्हरने किंवा मावशींनी शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन, वाकून, सीटखाली बघायचं. सीटवर झोपलेलं लहान मूल आरशात दिसत नाही.

आता ते गेटवाले पालक. मी अशा वेळी वाद घालत नाही, हिशेब मांडते. बस त्यांच्या गल्लीत शिरून बाहेर यायला चार मिनिटं, आणि तेव्हा आत ३० मुलं बसलेली, म्हणजे १२० मूल-मिनिटं रोज. त्यांच्या मुलाचं चालणं वाचतं सहा मिनिटं. हा कागद समोर ठेवला की बहुतेक जण शांत होतात. पण हा हिशेब फक्त सोयीसाठी वापरा. ते म्हणाले की वाटेत कुत्र्यांची टोळी आहे किंवा फुटपाथ खोदून ठेवला आहे, तर तोच कागद बाजूला ठेवून उद्या सकाळी स्वतः ती वाट चालून बघा. एका पालकांनी माझ्याशी महिनाभर हुज्जत घातली होती. चालून पाहिलं तर त्यांच्या वाटेवर मॅनहोलचं झाकणच नव्हतं. थांबा त्याच दिवशी बदलला.

बदलांसाठी तारखा ठरवून टाका, सत्रातून दोनदा. मागणी लेखी, उत्तरही लेखी. मधल्या काळात धोका असेल तरच थांबा हलेल, घर बदललं म्हणून किंवा क्लास लागला म्हणून नाही. हे एकदा सगळ्यांना कळलं की तुमच्या फोनची निम्मी घंटी बंद होईल.

तुम्ही कुठून सुरू करायचं? पाचही रूट एकदम मोडू नका. सगळ्यात उशिरा येणारी एक बस घ्या, तिचे थांबे पायी पाहून १४-१५ वर आणा, पालकांना आठवडाभर आधी कळवा, आणि पहिले तीन दिवस स्वतः त्या बसमध्ये बसा. ती बस वेळेवर यायला लागली की बाकीच्या चार बसच्या पालकांशी बोलणं सोपं जातं. नव्या थांब्यांची यादी झाली की इथे टाका, पत्ते न देता. मी नजर टाकेन. वळणांचं मात्र मला इथून बसून कळणार नाही, ते तुमच्या ड्रायव्हर काकांनाच विचारा.